रात्रपाळीच्या दोन मावशींना पेलेल असा आपत्ती आराखडा

तुमच्या शुश्रूषा केंद्रात रात्री दोन वाजता किती माणसं कामावर असतात, तो आकडा आधी कागदावर लिहा. त्याच्याखाली, त्या वेळी स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांची संख्या लिहा. आमच्याकडे वर दोन आणि खाली चौदा असं येतं. आराखड्यातलं प्रत्येक वाक्य या दोन आकड्यांसमोर धरून बघायचं. दोघींना ते जमणार नसेल तर ते वाक्य खोडायचं.

मी परिचारिका. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपल्यावर सांगलीतल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्राचं काम बघते. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, मोडलेला खुबा अशी माणसं आमच्याकडे राहतात. ओळखीच्या केंद्रांचे आराखडे मी मागून वाचत असते. जवळजवळ सगळे दिवसाचे असतात. व्यवस्थापक अमुक कळवतील, डॉक्टर तमुक ठरवतील, कर्मचारी रुग्णांना खाली आणतील. रात्री दोन वाजता व्यवस्थापक घरी असतात, डॉक्टरांचा फोन सायलेंटवर असतो आणि कर्मचारी म्हणजे त्या दोघी.

मोठ्या दुर्घटनांच्या वेळा बघा. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला पहाटे तळघरातल्या सामानानं पेट घेतला, धूर वर चढला आणि सुमारे ९० जण गेले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. विरारमध्ये २३ एप्रिल २०२१ ला अतिदक्षता विभाग पेटला, तोही पहाटेच. तान्हं बाळ असो, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असो की आमच्या आजी, कुणी उचलल्याशिवाय ज्यांना हलता येत नाही त्यांच्यावर ही वेळ रात्री येते.

कुलूप

सुरुवात कुलपापासून करा. स्मृतिभ्रंशाचे आजोबा रात्री उठून रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून आपण मुख्य दाराला कुलूप लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि ऑफिसला दुसरं कुलूप, हे चालणार नाही. रात्रपाळीच्या प्रत्येकीच्या गळ्यात मुख्य दाराची आणि गच्चीची किल्ली लाल नाडीत ओवून असली पाहिजे. पाळी बदलताना औषधांचा हिशेब देतो तशी ही नाडी हातात द्यायची आणि वहीत सही घ्यायची. तिसरी किल्ली दाराशेजारी, उंचावर, अंधारात चमकणाऱ्या पट्टीखाली.

खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांमध्ये प्रत्येक मजल्यावर निदान एक तरी जाळी आतून उघडणारी करून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याचं एका दिवसाचं काम आहे. जिन्यात ठेवलेली जुनी खाट, पाण्याचे जार, डायपरचे खोके आजच काढा. व्हीलचेअरसुद्धा जिन्याच्या तोंडाशी नको.

मग दारांवर पट्ट्या लावा. हिरवी म्हणजे सांगितलं की चालतील, पिवळी म्हणजे व्हीलचेअर लागेल, लाल म्हणजे ओढून न्यावं लागेल. ऑक्सिजनवर असलेल्यांच्या पट्टीवर निळा ठिपका. दर सोमवारी पट्ट्या तपासायच्या, कारण मागच्या आठवड्यात काठी घेऊन चालणाऱ्या आजी तापानं अंथरुणाला खिळलेल्या असू शकतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी पट्टीवर कानाचं चित्र काढा. त्यांना हाक मारण्यात वेळ घालवायचा नाही, खांद्याला हात लावायचा.

धूर दिसला तर

जिना विसरा. दोन मावशी चौदा माणसांना जिन्यावरून उतरवू शकत नाहीत. चादरीत घेऊन एका माणसाला जिना उतरवायला चार जण लागतात, भक्कम खुर्चीवर बसवून न्यायचं तरी दोघं लागतात. म्हणून पहिली हालचाल त्याच मजल्यावर, आगीपासून दूरच्या बाजूला. मजल्याच्या मधोमध बंद होणारं भरीव दार हवं. नसेल तर बसवा. केंद्राच्या पैशांतून एकच गोष्ट करता येणार असेल तर मी हे दार निवडेन. ते वाऱ्यासाठी उघडं राहावं म्हणून खाली वीट लावायची सवय सगळीकडे असते, ती मोडावी लागेल.

क्रम असा. ज्या खोलीत आग आहे तिथल्या माणसाला आधी बाहेर ओढायचं. निघताना तिथला ऑक्सिजन बंद करायचा. खोलीचं दार लावून घ्यायचं. दार लावलं की आगीला हवा कमी मिळते आणि धूर अडतो. एवढ्या वेळात दुसरीनं घंटा वाजवून ओरडायचं आणि १०१ लावायचा. तो लागला नाही तर ११२. फोनवर आधी पत्ता आणि जवळची खूण, मग "चालता न येणारी चौदा माणसं आहेत" हे वाक्य. ते ऐकून अग्निशमन दल तयारीनं येतं. हा मजकूर मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवून ठेवा. घाबरल्यावर रोजचा पत्तासुद्धा आठवत नाही.

मग शेजारच्या खोल्या. त्यात हिरवे असतील त्यांना कठड्याला धरून पलीकडे जायला सांगायचं, त्यानंतर पिवळे, मग लाल. पण आगीलगतचे लाल नेहमी लांबच्या हिरव्यांच्या आधी. हे मावशींना तोंडी विचारत राहा: "चार नंबरमध्ये धूर आहे, आता पहिलं कोण?" उत्तर लगेच आलं पाहिजे.

लाल पट्टीच्या प्रत्येक खाटेवर गादीखाली डबल बेडची जाड सोलापुरी चादर पसरून ठेवा. वेळ आली की खाट शक्य तितकी खाली करायची, चादरीची टोकं गादीवरून आत घ्यायची आणि डोक्याच्या बाजूनं धरून गादीसकट खाली सरकवायचं. उतरवताना दोघी लागतात. एकदा गादी फरशीवर आली की एकटी मावशी ओढू शकते. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून ओढायचं, नाहीतर दुसऱ्याच फेरीत तिची कंबर धरेल.

बादलीएवढी आग असेल आणि पाठीमागे बाहेरचं दार असेल तरच अग्निशामक नळकांडं उचलायचं. पिन काढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. छोटं नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं, त्यामुळे एकात विझलं नाही तर दार लावून मागे फिरायचं. वायरिंगच्या आगीवर पाणी अजिबात नको. मेन स्विच घाईनं पाडला तर सगळा मजला अंधारात जातो, म्हणून विजेच्या पेटीत प्रत्येक खोलीच्या खटक्यावर नंबर लिहून ठेवा. लिफ्टमध्ये कुणीही जायचं नाही.

आग लागू नये म्हणून करायच्या गोष्टी घरगुती आहेत. संध्याकाळचं निरंजन आणि उदबत्ती ही आमच्या आजींची गरज आहे, ती बंद करू नका. देवघर ऑक्सिजनच्या खोलीपासून लांब, सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत करा आणि दिवा शांत होईपर्यंत कुणीतरी तिथे बसा. डासांची कॉइल पूर्ण बंद, मच्छरदाणी लावा. गुपचूप बिडी ओढणाऱ्या आजोबांना रागावून ती सुटत नाही. त्यांना अंगणात ठरलेली जागा द्या आणि काडेपेटी मावशींकडे ठेवा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: मालिश करून आलेल्या तेलकट हातांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात लावायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरजवळ साबण आणि कोरडा पंचा ठेवा. नाक कोरडं पडतं म्हणून ऑक्सिजनवरच्या माणसाला व्हॅसलिन लावतात, तेही नको.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो लागू असलेल्या इमारतींना परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये 'बी फॉर्म', म्हणजे ती यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. फॉर्मवर शिक्का मारून जाणाऱ्याला थांबवा आणि त्याच्याकडून मावशींना नळकांडं चालवायला शिकवून घ्या.

तिसरा आणि चौथा माणूस

रात्री आणखी हात कुठून येणार? शेजारून. बाजूच्या सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरच्या मेडिकलचा मुलगा, समोरच्या बिऱ्हाडातला जिमला जाणारा दादा. यांना गणपतीच्या आरतीला बोलवा, दिवाळीचा फराळ द्या आणि त्याच वेळी एकदा मजल्यावरून फिरवून आणा. लाल पट्टी म्हणजे काय, चादर कुठे असते, किल्ली कुठे, हे त्यांना माहीत हवं. बाहेर ऐकू जाईल असा भोंगा बसवा आणि तो वाजला तर काय करायचं ते त्यांच्याशी ठरवून ठेवा. अग्निशमन दलाची गाडी यायच्या आधीची मिनिटं याच माणसांच्या हातात असतात. मला या यादीचा जेवढा आधार वाटतो तेवढा कुठल्याच प्रमाणपत्राचा वाटत नाही.

वीज आणि ऑक्सिजन

वीज गेल्यावर काय काय थांबतं ते खाटेखाटेनं लिहा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, कफ ओढायचं सक्शन मशीन, इन्सुलिनचा फ्रिज, पाण्याची मोटर. एअरबेड लोक विसरतात. पंप थांबला की गादीतली हवा उतरते आणि माणूस खाटेच्या फळीवर येतो. म्हणून वीज गेली की एअरबेडवरच्यांना दर दोन तासांनी कूस बदलायचं घड्याळ सुरू करायचं.

ऑक्सिजनचा हिशेब मावशींना स्वतःला करता आला पाहिजे. 'बी' आकाराच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर साडेबारा तास, ५ लिटर लागत असेल तर ५ तास. त्यातला पाव भाग वजा धरून चाला, कारण सिलिंडर काठोकाठ भरलेला असतोच असं नाही आणि तो संपायच्या आत बदलावा लागतो. हा आकडा निळ्या ठिपक्याच्या माणसाच्या खाटेवर लिहा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरच्या एका बॅटरीवर रात्र निघत नाही. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला, चावी त्यालाच लटकवलेली, आणि चावी फिरवण्याचा सराव प्रत्येकीला.

उन्हाळ्यात वीज जाणं हीसुद्धा आपत्तीच. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका नर्सिंग होममधलं वातानुकूलन दिवसेंदिवस बंद राहिलं. रुग्णालय रस्त्यापलीकडे होतं, तरी उकाड्यानं १२ वृद्ध गेले. मदत जवळ असूनही माणसं जातात, कारण 'आता बास, हलवा' असं म्हणायची वेळ कुणी ठरवलेली नसते. ती आधी ठरवा. आमच्याकडे वरच्या मजल्याच्या भिंतीवर तापमापक आहे. पारा ३६ च्या वर आणि वीज जाऊन एक तास झाला की सगळ्यांना तळमजल्यावर उत्तरेच्या खोलीत आणायचं. हे दिवसाचं काम, तेव्हा हात असतात. ओल्या पंचानं मान आणि काखा पुसायच्या, तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी द्यायचं, मात्र पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदयरोग्यांचं डॉक्टरांना विचारून. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता १०८.

कृष्णेचं पाणी

सांगलीत आराखड्याचं अर्धं पान नदीचं असतं. २००५, २०१९, २०२१ हे पूर इथल्या भिंतींवर दिसतात. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण हे आकडे शहराचे. तुम्हाला तुमच्या गल्लीचा आकडा हवा. जुन्या शेजाऱ्यांना विचारा, आयर्विनला किती फूट असताना पाणी या कोपऱ्यावर आलं होतं? तो आकडा भिंतीवर रंगवा. मग सगळ्यांना हलवायला किती तास लागतात ते मोजा. झोपून न्यायची माणसं छोट्या टेम्पोत गादीसकट दोनच बसतात. आमच्या लाल पट्टीच्या माणसांसाठी दोन टेम्पो लावले तरी चढवणं-उतरवणं धरून उजेडाचा अर्धा दिवस जातो. त्यामुळे पाणी गल्लीत यायच्या एक पूर्ण दिवस आधी निघायचं. गेल्या सहा तासांत पाणी किती चढलं आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, हे दोन्ही दर सहा तासांनी वहीत लिहिलं की तो दिवस ओळखता येतो.

थोडं थांबून बघू, हा मोह फार मोठा असतो. पाऊस उघडतो, ऊन पडतं, नातेवाईक म्हणतात उगाच कशाला हलवता. अंथरुणावरचा माणूस बोटीत नेता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांनी भरलेली बोट उलटली, ती धडधाकट माणसांनी भरलेली होती. निर्णय कुणी घ्यायचा ते नावानिशी लिहा आणि त्या माणसाचा फोन लागला नाही तर पाळीतल्या ज्येष्ठ मावशींनी घ्यायचा, हेही लिहा. निघालो आणि पाणी आलंच नाही, तर त्यांना कुणी एक शब्द बोलायचा नाही.

जायचं कुठे, ते मेमध्येच ठरलेलं हवं. मिरजेतलं उंचावरचं केंद्र, नाहीतर मंगल कार्यालय. स्वतः जाऊन बघा: उतार आहे का, कमोड किती, जनरेटर कुठे बसवलाय, खाटा मिळतील का. दोन केंद्रांनी एकमेकांना लेखी द्यायचं, तुमच्यावर वेळ आली तर आमच्याकडे, आमच्यावर आली तर तुमच्याकडे. पण दोघांनी एकाच नदीच्या काठावर असून उपयोग नाही. टेम्पोवाल्याशीही आधीच बोला, कारण पुराच्या दिवशी प्रत्येक टेम्पोत कुणाचं तरी घर असतं. १०८ ची गाडी त्या दिवशी तुमची चौदा माणसं हलवायला येणार नाही, तिला तेव्हा जीव वाचवायचे असतात. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, म्हणजे १०७७ ला, केंद्राचा पत्ता आणि लाल-पिवळ्यांची संख्या जूनमध्येच कळवून ठेवा.

२०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ दिवसेंदिवस बंद होता. त्यामुळे औषधं, डायपर, दूध पावडर, नळीतून द्यायचं अन्न आणि पिण्याचं पाणी सात दिवसांचं, वरच्या मजल्यावर. जनरेटर आणि त्याचं डिझेल तळमजल्याच्या मागच्या खोलीत असेल तर पुरात ते पहिल्यांदा बुडेल. दिवसपाळीच्या निम्म्या मावशी नदीकाठच्या गावांतून येतात हेही ध्यानात घ्या. पाणी वाढायला लागलं की त्यांना आपलं घर सोडून ये म्हणता येत नाही. त्यांच्या मुलाबाळांना केंद्रात जागा द्या, मग त्या मोकळ्या मनानं थांबतात.

पिशवी

प्रत्येकाच्या खाटेला नाव लिहिलेली कापडी पिशवी. आत प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड: फोटो, वय, आजार, औषधं वेळांसह, कशाची ॲलर्जी, मुलामुलींचे नंबर, आणि दोन ओळी माणसाबद्दल. "दुपारी घाबरतात, 'तात्या' म्हटलं की शांत होतात." अनोळखी ठिकाणच्या नर्सला या दोन ओळी सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र रात्री याच पिशवीच्या बाहेरच्या खिशात ठेवायची सवय लावा. सात दिवसांच्या गोळ्या. पार्किन्सनच्या, फिटच्या आणि स्टिरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवता येत नाहीत, त्यांच्या पाकिटावर लाल शाईनं खूण. इन्सुलिन बर्फाला थेट चिकटवून ठेवलं तर गोठून वाया जातं. वापरात असलेली बाटली सावलीत, फार उकाडा नसेल तर साधारण चार आठवडे चालते, त्यामुळे फ्रिज बंद पडला म्हणून ती फेकू नका. हलवताना प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी, स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी तर हवीच हवी.

माणूस दिसेनासा झाला तर

पहिली दहा मिनिटं आत शोधा: संडास, खाटेखाली, दुसऱ्याच्या पांघरुणात, गच्ची, पाण्याची टाकी. एक मावशी शोधेल, दुसरी दारात उभी राहून मजला सांभाळेल. मग ११२ आणि शेजाऱ्यांची यादी. त्या दिवशी काय घातलंय हे कळावं म्हणून भटकणाऱ्यांचा रोज सकाळी एक फोटो काढून ठेवा. जुन्या घराचा, शाळेचा, मंडईचा पत्ता कार्डावर असू द्या. आजोबा बहुतेक वेळा तिकडेच निघालेले असतात.

रंगीत तालीम

तीन महिन्यांतून एकदा, आणि रात्री. रहिवाशांना संध्याकाळी सांगून ठेवायचं, त्यांना घाबरवायचं नाही. खाटेवर एखादी तरुण मावशी झोपवा आणि रात्रपाळीच्या दोघींनाच ओढू द्या. मी मोबाईलवर वेळ लावते आणि कोपऱ्यात गप्प उभी राहते. कुणी अडखळलं तर तालीम संपेपर्यंत बोलायचं नाही. नंतर चहा घेऊन बसायचं आणि आधी त्यांना विचारायचं काय अडलं. चादर चार नंबरच्या उंबऱ्याला अडकते, हे आम्हाला असंच कळलं. उंबरा दुसऱ्या दिवशी घासून घेतला.

घटनेनंतर

नातेवाईकांना एकाच माणसानं कळवायचं. मुलं पुण्यात, दुबईत, अमेरिकेत असतात आणि एकाच वेळी सगळ्यांचे फोन मावशींना येतात. त्यांना त्या वेळी फोन घ्यायला लावू नका. नातेवाईकांच्या मोबाईल गटावर पहिला निरोप लहान: काय झालं, सगळे कुठे आहेत, पुढचा निरोप किती वाजता. ज्यांना इजा झाली त्यांच्या घरी मात्र थेट फोन, गटावर नाव नाही.

घटनावहीत वेळ, काय दिसलं, कुणी काय केलं, एवढंच, आणि त्याच दिवशी. पडणं, ठसका लागणं, चुकीची गोळी, धूर, हरवणं, सगळं एकाच वहीत. त्या वहीवरून कुणाचा पगार कापायचा नाही. एकदा कापलात की पुढची घटना वहीत येणार नाही. महिन्यातून एकदा पानं उलटली की एकाच खोलीत, एकाच वेळी पडणारी माणसं दिसतात, मग तिथे दिवा किंवा कठडा लावायचा. मेअखेर पुराचं पान, ऑक्टोबरात वायरिंगचं पान आणि कुणी नवं रहिवासी आलं की त्याच दिवशी पट्टी, पिशवी आणि गादीखालची चादर.